आधीं कोरडें, मग बंद

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे शेतकऱ्याची नजर एकदां आभाळाकडे व एकदां शेताकडे लागते. बांध नीट झाले कीं नाहींत, बियाणें घरांत आलें कीं नाहीं, औतें शाबूत आहेत कीं नाहींत, हें सर्व तो बारकाईनें पाहतो. फार तर घरावर चढून कौलें चाळतो किंवा पत्र्याचे सैल झालेले खिळे ठोकतो. परंतु ज्यावर तें घर उभें आहे, त्या जोत्याकडे वाकून पाहणारा शेतकरी आम्हांस शंभरांत एकहि आढळला नाहीं. वर्षभराचें धान्य मात्र त्याच जोत्यावर, जमिनीपासून वीत-हात अंतरावर ठेविलेलें असतें. ह्या एका दुर्लक्षामुळें किती धान्य, किती लांकूड आणि प्रसंगीं किती जीव फुकट जातात, ह्याविषयीं चार शब्द लिहावे, असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

आमचें शिक्षण मराठी शाळेच्या सातव्या इयत्तेपर्यंतचें. आम्ही कांहीं स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. तथापि महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अतिवृष्टीच्या प्रत्येक सालीं पडझड झालेल्या घरांचे पंचनामे उतरून घेण्याचें काम आमच्या वांट्यास येई. कागदावरील रकाना ठरलेला असे, व त्यांत ‘अतिवृष्टीमुळें भिंत कोसळली’ असें आम्ही लिहीत असूं. तें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. पाऊस सर्व आळीवर सारखाच पडलेला असे. पडलेली भिंत मात्र एखादीच. तेथें ओणवें होऊन पाहिलें म्हणजे जोत्याच्या दगडांमधली माती निघून गेलेली, त्यामागें घुशीनें पोखरलेलें भुयार, आणि पागोळ्यांचें किंवा मोरीचें पाणी त्या भुयारांत वर्षानुवर्षें मुरत असलेलें, असें दिसे. भिंत त्या रात्रीं पडली खरी, पण तिचें पडणें पांच-सात वर्षांपूर्वींच सुरू झालें होतें. त्या गोष्टीला आमच्या नमुन्यांत रकाना नव्हता.

इतकें पाहिलेलें असूनहि स्वतःच्या घरीं आमच्या हातून जी चूक घडली, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमच्या वडिलोपार्जित घरांत कोठीच्या खोलींत दगडी ठोकळ्यांवर सागवानी फळ्या टाकून ओटा केलेला आहे, व फळ्यांखालीं हातभर पोकळी आहे. ओट्यावर ज्वारीचीं व गव्हाचीं पोतीं आणि हरभऱ्याची कणगी असते. पोकळींत उंदरांचा असा सुळसुळाट झाला कीं रात्रीं झोंप लागेना. सेवानिवृत्तीचा पैसा नुकताच हातीं आलेला होता. एका गवंड्याच्या सल्ल्यानें आम्हीं भर उन्हाळ्यांत ती पोकळी चारी बाजूंनीं विटा व सिमेंट लावून बंद करून टाकिली. बाहेरच्या बाजूस दोन झरोके होते तेहि बुजविले. उंदीर गेले आणि घरांत सर्वांनीं आमची वाहवा केली.

दसऱ्याच्या सुमारास खालच्या थरांतील ज्वारीस कुबट वास येऊं लागला. पोतीं हलविलीं तों तळचीं पोतीं दमट, दाण्यावर हिरवी-काळी बुरशी, आणि पाय ठेवतांच एक फळी खचली. फळ्या उपटून पाहतों तों खालच्या अंगास वाळवीनें मातीच्या नळ्या बांधलेल्या, व लांकूड आंतून पोकळ झालेलें. सात पोतीं ज्वारी हातची गेली. बुरशीचें धान्य जनावरांसहि बाधतें, म्हणून गोठ्यांतहि घालतां येईना. सर्व उकिरड्यांत पुरावें लागलें. उंदरांनीं दहा वर्षांत जेवढें खाल्लें नसतें, तेवढें आम्हीं एका पावसाळ्यांत आपल्या हातानें नासविलें. आमच्या वृद्ध मातोश्री दारांत उभ्या राहून एवढेंच म्हणाल्या, “अरे, ओलं भांडं झाकून ठेवलं की वास येणारच.” आमच्या सर्व लेखाचें सार त्या एका वाक्यांत आहे.

आतां हें असें कां झालें तें पाहूं. जमीन वरून कोरडी ठणठणीत दिसली तरी तिच्यांतून ओल सारखी वर येत असते. दिव्याच्या वातींतून जसें तेल चढतें, तसें मातीच्या बारीक कणांमधून पाणी चढतें आणि पृष्ठभागीं येऊन त्याची वाफ होते. जागा उघडी असली तर वारा ती वाफ घेऊन जातो. जागा बंद केली तर वाफ आंतच साचते व फळीच्या खालच्या बाजूस बसते. धान्याचा दाणा भोंवतालची ओल शोषून घेणारा आहे. ज्वारी, गहूं सांठवितांना दाण्यांतील ओल शेंकडा १२ पेक्षां अधिक नसावी. ती शेंकडा १४ च्या वर गेली कीं बुरशी धरूं लागते, आणि सोंडकिड्यासारख्या किडीसहि ओलसर दाणा अधिक मानवतो. वाळवीची गोष्ट याहून निराळी नाहीं. उघड्या कोरड्या हवेंत ती तग धरीत नाहीं, म्हणूनच जमिनीपासून लांकडापर्यंत मातीची नळी बांधून ती तिच्या आडून चढते. अंधार, ओल आणि शांतता ह्या तीन गोष्टी तिला हव्या असतात. त्या तिन्ही आम्हीं सिमेंट लावून तिला फुकट मिळवून दिल्या.

मग झरोके ठेविले म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तेंहि अर्धेंच खरें. पावसाळ्यांत बाहेरची हवाच पाण्यानें भरलेली असते. ती पोकळीच्या थंड जागेंत शिरली म्हणजे आंतली ओल काढण्याऐवजीं आपलीच ओल तेथें टाकते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तो हाच प्रकार होय. अमेरिकेंत लांकडी घरांच्या तळाशीं माणूस रांगत जाईल एवढी पोकळी ठेवण्याची चाल आहे, आणि तिला झरोके असलेच पाहिजेत असा तेथें दीर्घकाळ दंडक होता. परंतु उत्तर कॅरोलिना ह्या दमट हवेच्या संस्थानांत चालू शतकाच्या आरंभीं प्रत्यक्ष घरांत मोजमापें घेतलीं, तेव्हां असें आढळलें कीं, जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून झरोके बंद केलेल्या व आंतली हवा कोरडी ठेवण्याची सोय केलेल्या पोकळ्या, उघड्या झरोक्यांच्या पोकळ्यांपेक्षां अधिक कोरड्या राहतात. आमच्या गवंड्यानें झरोके बंद केले, पण खालची जमीन उघडीच ठेविली. चूक बंद करण्यांत नव्हती. ओल आंत ठेवून बंद करण्यांत होती.

हें तत्त्व आम्हांस परदेशांतून शिकण्याचें कारण नव्हतें. आपलें पेव दुसरें काय सांगतें? पेव भरतांना माल उन्हांत कडकडीत वाळलेला, जागा कोरडी व निचऱ्याची, आंतून कडब्याचें किंवा पेंढ्याचें अस्तर, आणि मगच तोंड पक्कें बंद. आंतली हवा संपते व कीड गुदमरून मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर त्यांतील हवा पालटल्याशिवाय आंत उतरूं नये, नाहींतर उतरणाराहि दगावतो. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पेवें पिढ्यान्‌पिढ्या याच नियमावर चाललीं. परंतु सन २००५ च्या कृष्णेच्या महापुरांत पाणी पेवांत शिरलें तेव्हां त्याच बंद जागेंत हळदीची मोठी हानी झाली. कोरडी बंद जागा ही तिजोरी होय, आणि ओली बंद जागा हा उकिरडा होय. दोहोंच्या मध्यें फक्त पाण्याचा फरक आहे.

पूर्वजांनीं गांवाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानिले, त्यांतहि शहाणपण होतें. पिकासाठीं काळी, वस्तीसाठीं पांढरी. काळी जमीन पाणी प्याली म्हणजे फुगते व उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर उभें केलेलें जोतें दरसाल हलतें. आज गांवठाण अपुरें पडल्यामुळें पुष्कळ घरें मळ्यांत, म्हणजे काळ्या जमिनीवरच उभीं राहत आहेत. तेथें पायाखालची व पायाभोंवतालची काळी माती काढून मुरूम भरल्याशिवाय जोत्याच्या फटी कधींच बुजणार नाहींत. फट पडली कीं वरून सिमेंटचा हात फिरवावयाचा, ही चाल तर सर्वांत वाईट. जुन्या दगडमातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा केला म्हणजे भिंतींतील ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो, ती आणखी वर चढते व आंतल्या अंगास लोणा लागतो. अशा भिंतीस चुना व विटांची भुकटी यांचा दर्जाच योग्य होय.

आतां उपद्रवी जिवांकडे वळूं. उंदीर-घुशींची हानि धान्यापुरती असती तर एक वेळ सोसली असती. परंतु सन १८९६ त मुंबईस प्लेग आला तो प्रथम मांडवी भागांत, म्हणजे गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तींत, प्रकट झाला, हें विसरतां कामा नये. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें सन १८९८ त सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें दाखविलें. ही जुनी कथा म्हणून सोडून द्यावी, तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. पुढील सालीं, म्हणजे ऑगस्ट १९९४ मध्यें, बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगाचे रोगी आढळले. भीतीनें लोक घराबाहेर राहूं लागले, धान्य मात्र घरांतच राहिलें आणि उंदीर माजले, असा ह्या दोन गोष्टींचा संबंध तज्ज्ञांनीं जोडला आहे. शिवाय जेथें उंदीर तेथें साप. मण्यार रात्रीं भक्ष्याच्या शोधांत घरांत शिरते व जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करिते. तो दंश पुष्कळदां कळतहि नाहीं. सन २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं, म्हणजे सालीना सुमारें ५८,००० मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आपल्यासारख्याच शेतकरी घरांतील होतीं. जोत्यांतील बीळ ही केवळ धान्याची बाब नाहीं, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

ह्यावर पुष्कळांचा तोडगा विषाचा असतो. त्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. बीळ मोकळें ठेवून विष घालणें म्हणजे फुटक्या बांधांतून पाणी उपसणें होय. आजचे उंदीर मेले तरी महिन्याभरांत त्याच बिळांत दुसरे येतात. मेलेले उंदीर पोकळींत कुजतात, व विषारी उंदीर खाऊन मांजर-कुत्रीं मरतात. धान्यांत ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरांतील बिळांत कधींहि टाकूं नयेत. त्यांतून निघणारा वायु फटींतून शेजारच्या खोलींत जातो आणि निजलेलीं माणसें उठत नाहींत. अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. वाळवीसाठीं पूर्वीं आल्ड्रिन सर्रास ओतीत असत. त्यावर आतां आपल्या देशांत बंदी आहे. वाळवीचें औषध मारणें भागच असेल तर तें जाणत्या माणसाकडून, धान्य बाहेर काढून, आणि डब्यावरील पत्रकांत दिलेल्या प्रमाणांतच मारावें.

मग करावें काय? आम्हीं दुसऱ्या उन्हाळ्यांत जें केलें व ज्यास आज तीन पावसाळे झाले, तें क्रमवार सांगतों. क्रम मात्र मोडूं नये.

पहिलें काम पाण्याचें. घराभोंवतालची जमीन घरापासून बाहेर उतरती करावी. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरे होतो. पागोळ्या जोत्याच्या मुळाशीं न पडतां पन्हळीनें किंवा फरशीच्या नालीनें दूर जाव्या. न्हाणी-मोरीचें पाणी व गोठ्यांतील मूत्र यांस पक्की वाट द्यावी. उकिरडा, सरपणाची रास व कडब्याची गंज जोत्याला टेकून ठेवूं नये. वाळवी व घूस ह्या दोघांचा तोच दरवाजा आहे.

दुसरें काम बिळांचें. संध्याकाळीं सर्व बिळांचीं तोंडें ओल्या मातीनें लिंपावीं व सकाळीं पाहावें. जीं उकरलेलीं दिसतील तीं वाहतीं. त्यांजपाशीं पिंजरे लावून आधीं उंदीर काढावे, व लिंपलेलें बीळ लागोपाठ चार सकाळीं उकरलेलें न दिसलें म्हणजेच तें कायमचें बुजवावें. सापाचा संशय असल्यास सर्पमित्रास बोलवावें. आंत साप असतां तोंड बंद करूं नये. बुजवितांना खोलवर दगडाच्या चिपा ठोकून, चुन्यांत किंवा सिमेंटांत फुटक्या बाटल्यांच्या कांचेचा चुरा मिसळून भरावा. नुसत्या मातीस घूस एका रात्रींत दाद देत नाहीं.

तिसरें काम जमिनीचें. फळ्या काढून पोकळींतील सैल माती, जुनें लांकूड व भुसा सर्व बाहेर काढावा. लांकडाची ढलपीहि ठेवूं नये. वीतभर मुरूम धुम्मस करून त्यावर जाड काळें प्लॅस्टिक अंथरावें. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या अस्तराचा उरलेला तुकडा असला तर त्याहून उत्तम कांहीं नाहीं. आम्हीं तोच वापरला. दोन तुकडे जोडावे लागल्यास एकावर दुसरा फूटभर चढवावा, आणि भिंतीशीं सहा इंच वर वळवून घ्यावा. ठोकळ्यांच्या माथ्यावर, फळीच्या खालीं, ह्याच प्लॅस्टिकचा चौकोन घालावा, म्हणजे दगडांतून चढणारी ओल लांकडास लागत नाहीं.

चौथें काम झरोक्यांचें. ते बुजवूं नयेत. त्यांस पाव इंचाहून मोठें छिद्र नसलेली जस्ताळलेल्या तारेची जाळी बसवावी. अर्ध्या इंचाच्या छिद्रांतून उंदराचें पिल्लूं सहज शिरतें. जाळीवर पत्र्याचें झांकण करून घ्यावें. मृगापासून हस्तापर्यंत झांकण लावलेलें, आणि चित्रांचें ऊन पडूं लागतांच उघडलेलें, असा आम्हीं नेम ठेविला आहे. पावसाळ्यांतहि लख्ख कोरडा वारा सुटलेला दिवस मिळाला तर झांकण तेवढा वेळ काढावें.

पांचवें काम देखरेखीचें. एक फळी खिळे न मारतां उचलतां येईल अशी ठेवावी व महिन्यांतून एकदां ती उचलून दिवा लावून आंत पाहावें. जी जागा दिसत नाहीं ती जागा आपली नसते, वाळवीची असते. पोतीं भिंतीपासून हातभर दूर रचावीं, म्हणजे मागें काय चाललें आहे तें दिसतें.

आमच्या घरीं ह्या सर्व खटाटोपास, मजुरी धरून, तीन पोतीं ज्वारीच्या किंमतीइतकाहि खर्च आला नाहीं. नासलीं होतीं सात पोतीं. दिवाणखान्याच्या रंगावर शेतकरी याहून पुष्कळ अधिक खर्च करितो. रंग पाहुण्यास दिसतो, जोतें दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक.

खरी अडचण पैशाची नाहीं. ती भाऊबंदकीची आहे. वाटणींत घराचे तीन तुकडे होतात, भिंत सामाईक राहते, आणि जोत्याच्या खर्चाची गोष्ट निघाली कीं प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. एका भावानें आपल्या खोलीखालचीं बिळें बुजविलीं तर उंदीर दुसऱ्याच्या खोलींतून ये-जा करितात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा पाहून कांहीं घूस जोतें पोखरीत नाहीं. आम्हीं पाहिलेल्या पडक्या भिंतींत सामाईक भिंती पुष्कळ होत्या. आणि नुकसानभरपाईच्या अर्जावर सही करण्यास मात्र तिघेहि भाऊ एकत्र आलेले असत. ते भिंत पडण्याच्या आधीं एकत्र आले असते तर तो अर्जच लिहावा लागला नसता.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासदांपुढें आमची एक सूचना आहे. दरसाल वैशाखांत, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीं, प्रत्येक आळींतील सभासदांनीं एक दिवस ठरवून एकमेकांच्या घरांचीं जोतीं मिळून पाहावीं. जाळी, चुना व प्लॅस्टिक संस्थेमार्फत एकत्र आणावें, म्हणजे स्वस्त पडेल. ज्या घरांत विधवा बाई किंवा वृद्ध माणूसच राहतें, तेथील काम आळीनें अंगमेहनतीनें करून द्यावें. कारण त्या घरांतील बीळ हें सर्व आळीचें बीळ होय. बांधबंदिस्तीस आपण गोळा होतों, तसेंच ह्यासहि व्हावें.

आम्हीं नोकरींत असतां पडलेल्या भिंतींचे कागद पुष्कळ लिहिले. त्यांतील एकहि भिंत आमच्या लिहिण्यानें पुन्हां उभी राहिली नाहीं. हा कागद मात्र भिंत पडण्यापूर्वीं वाचला जाईल, एवढ्याच आशेनें लिहिला आहे. वाचकांनीं तो बाजूस ठेवून दिवा हातीं घ्यावा आणि आजच एकदां आपल्या कोठीच्या खालीं वाकून पाहावें, इतकीच विनंति.